गाडीचे कागद, तीन देश: चिलेची बाईक घेऊन अर्जेंटिना, बोलिव्हिया, पेरू

दक्षिण अमेरिकेत स्वतःच्या गाडीनं फिरायचं म्हटलं की लोक अँडीज, मीठाची वाळवंटं, लामा वगैरे विचारतात, आम्हाला मात्र निघायच्या आधी एकच भीती होती ती म्हणजे बॉर्डर. स्पॅनिश जेमतेम, भारतीय पासपोर्ट, आणि गाडी तिसऱ्याच देशाची. २०२४ मध्ये आम्ही दोघं (मी आणि नवरा) चिलेच्या राजधानीत, सान्तियागोत, बाईक विकत घेऊन अर्जेंटिना, बोलिव्हिया, पेरू असा गोल मारून परत चिलेत आलो, आणि आता डोक्यात सगळं ताजं आहे तोवर लिहून ठेवते, कारण आम्ही शोधत होतो तेव्हा मराठीत तर काहीच नव्हतं आणि इंग्लिशमध्ये जे होतं ते बहुतेक जर्मन नाहीतर अमेरिकन पासपोर्टवाल्यांचं.

आधी आपली भारतातली गाडी न्यायचा विचार होता. त्यासाठी कार्नेट काढावं लागेल असं सगळे सांगत होते, म्हणून मुंबईतल्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनपर्यंत चौकशी झाली. कार्नेट म्हणजे गाडीचा पासपोर्टच, पण त्यासाठी मोठी रक्कम अडकवून ठेवावी लागते. मग कळलं की आम्ही जाणार होतो त्या देशांत कार्नेट लागतच नाही, तिथे प्रत्येक देश स्वतःचा तात्पुरत्या आयातीचा कागद बॉर्डरवर देतो आणि तोही फुकट. जहाजाच्या भाड्याचा आकडा ऐकल्यावर तर तो विषयच संपला. तिथेच सेकंडहँड घ्यायची ठरली.

घरून न्यायच्या गोष्टी तशा थोड्याच. आरटीओचं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, फॉर्म ४ए, फी १००० रुपये, एक वर्ष चालतं. यलो फीव्हरची लस, आणि ती प्रवासाच्या किमान १० दिवस आधी, कारण पेरू-बोलिव्हियाहून भारतात परत येताना ते पिवळं कार्ड आपलंच सरकार मागतं. आमच्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा होता (नवऱ्याच्या आधीच्या नोकरीची कृपा) त्यामुळे काही देश सोपे गेले, बोलिव्हियाचा व्हिसा मात्र आम्ही आधीच काढून ठेवला. व्हिसाचे नियम सारखे बदलतात म्हणून त्यात जास्त शिरत नाही.

जानेवारी: सान्तियागो आणि रूट

चिलेत गाडी नावावर करायची तर रूट नावाचा टॅक्स नंबर लागतो, तो नसेल तर काही हलत नाही. तो देतं त्यांचं इन्कम टॅक्स खातं, एस.आय.आय. आपण टुरिस्ट असलो तर चिलेमधला कोणीतरी माणूस आपला प्रतिनिधी म्हणून लागतो आणि त्याचा पत्ता. आम्ही राहत होतो त्या घराच्या मालकीणबाई तयार झाल्या, म्हणजे आधी तयार नव्हत्या, मग नवऱ्यानं दोनदा पोहे करून घातल्यावर झाल्या.

इथे एक आपल्याच लोकांना उपयोगी पडेल अशी गोष्ट. स्पॅनिश फॉर्मवर दोन आडनावांचे रकाने असतात, एक वडिलांकडचं आणि एक आईकडचं. आपल्या पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये स्वतःचं नाव आणि पुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, आणि काउंटरवरचा माणूस अगदी चांगल्या मनानं त्या मधल्या नावाला आडनाव समजतो. मग रूटवर एक नाव, गाडीवर दुसरं आणि पासपोर्टवर तिसरं. मी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहूनच नेलं होतं: नावं ही दोन, आडनाव हे एक, दुसरं आडनाव नाही. तो कागद पुढे प्रत्येक बॉर्डरवर काढला. लॅमिनेट करून घेतला असता तरी चाललं असतं.

गाडी माझ्या नावावर घ्यायची ठरवली कारण जास्त वेळ चालवणार मीच होते. वापरलेली रॉयल एनफिल्ड हिमालयन, साधारण २६ लाख पेसो, म्हणजे तेव्हाच्या भावानं सव्वादोन ते अडीच लाख रुपयांच्या मध्ये कुठेतरी. हो, इतक्या लांब जाऊन एनफिल्डच घेतली, हसा. पण तिची नट-बोल्टं आम्हाला ओळखीची होती.

विकत घ्यायच्या आधी रेहिस्त्रो सिव्हिलच्या (तिथलं सरकारी नोंदणी खातं) वेबसाईटवरून गाडीचं सेर्तिफिकादो दे आनोतासिओनेस काढायचं, त्यात मालक कोण, कर्ज आहे का, विक्रीवर बंदी आहे का सगळं दिसतं. न भरलेल्या दंडांचा दाखला वेगळा. मग नावावर करताना किमतीच्या १.५ टक्के टॅक्स. त्यानंतर वाट बघायची ती पाद्रोनची, म्हणजे आपलं आरसी बुक. पाद्रोन आपल्या नावाचा झाल्याशिवाय देशाबाहेर पडायचा प्रयत्न करू नये, आधीच्या मालकाचं नाव असलं तर नोटरीचं अधिकारपत्र वगैरे भानगडी येतात. आम्ही जवळपास तीन आठवडे सान्तियागोत थांबलो, आणि खरं सांगायचं तर तो अख्ख्या प्रवासातला सगळ्यात कंटाळवाणा भाग होता, कारण खर्च चालू आणि गाडी दाराशी उभी.

त्याच काळात बोलिव्हियात रस्ते बंद होते, २२ जानेवारीपासून माजी राष्ट्राध्यक्ष मोरालेसच्या समर्थकांनी हायवे अडवले होते, फेब्रुवारीच्या सुरुवातीला उठवले. तेव्हाच ठरवलं की आधी अर्जेंटिना, बोलिव्हिया त्यानंतर.

फेब्रुवारीअखेर: पहिला कागद

सान्तियागोहून अर्जेंटिनातल्या मेंदोसाला जाणारा पास म्हणजे लोस लिबेर्तादोरेस. लोस काराकोलेसची वळणं चढून वर बोगद्यापर्यंत जायचं, साधारण ३२०० मीटर, बोगदा तीन किलोमीटरचा. चिलेहून अर्जेंटिनात जाताना दोन्ही देशांचं काम अर्जेंटिनाच्या बाजूला ओर्कोनेसला एकाच ठिकाणी होतं, परत येताना चिलेच्या बाजूला. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे गाड्यांची रांग लागते, आम्ही मुद्दाम आठवड्यातल्या मधल्या दिवशी आणि भल्या पहाटे निघालो तरी तीन तास गेले.

क्रम समजला की भीती निम्मी कमी होते. आधी माणसाचं काम मग गाडीचं. म्हणजे जो देश सोडतोय त्याचा इमिग्रेशनचा शिक्का, मग नव्या देशाचा शिक्का, मग आदुआना म्हणजे कस्टम्स, तिथे गाडीचा कागद. काही ठिकाणी बाहेर पडताना आदुआना आधी आणि शिक्का नंतर, पण दोन खिडक्या आहेत हे कायम. कोणीही तुम्हाला हाताला धरून दुसऱ्या खिडकीकडे नेत नाही. रांगेतल्या एका ब्राझिलियन जोडप्याला आम्हीच सांगितलं की अहो गाडीचा कागद राहिला.

चिलेची नंबरप्लेट असल्यामुळे चिलेतून तात्पुरतं बाहेर आणि अर्जेंटिनात तात्पुरतं आत असा एक जोडफॉर्म असतो, त्यावर गाडीचा नंबर, चॅसी नंबर, इंजिन नंबर, रंग, मालकाचं नाव. अर्जेंटिनासाठी थर्ड पार्टी इन्शुरन्स सक्तीचा आहे, तो आम्ही सान्तियागोतच ऑनलाइन घेतला होता, महिन्याला तीसेक डॉलर पडले. मागितला का? ओर्कोनेसला नाही. पुढे रस्त्यावर पोलिसांनी मात्र मागितला.

आदुआनाच्या माणसानं कागद माझ्या हातात न देता नवऱ्याच्या हातात दिला आणि सही करायला पेनही त्यालाच दिलं. त्यानं निमूटपणे माझ्याकडे सरकवलं. हा प्रकार प्रत्येक बॉर्डरवर झाला, शेवटी शेवटी तर आम्ही पैज लावायचो. पण त्यातून एक कामाची गोष्ट कळली, कागदावर चालकाचं नाव वेगळं येऊ शकतं, आणि मालक सोबत नसताना दुसऱ्यानं गाडी बॉर्डरपार न्यायची असेल तर नोटरीचं अधिकारपत्र लागतं. आम्ही कायम एकत्रच ओलांडलं म्हणून निभावलं.

९० दिवस मिळाले, माणसांना आणि गाडीलाही. या दोन तारखा एकच असतात असं समजू नका. तुम्ही तुमच्या मुक्कामाची मुदत वाढवून घेतलीत म्हणून गाडीची वाढत नाही. मी फोनमध्ये दोन वेगवेगळे अलार्म लावले होते, एक आमचा, एक हिमालयनचा.

मार्च: सही केलीत की वाचा

अर्जेंटिनाबद्दल कागदांच्या दृष्टीनं सांगण्यासारखं फार नाही, मेंदोसाहून साल्तापर्यंत निवांत गेलो. फक्त एक चिलेचीच गोष्ट मध्ये उपटली. चिलेच्या खासगी गाड्यांचा वार्षिक रोड टॅक्स, पेर्मिसो दे सिर्कुलासिओन, ३१ मार्चला संपतो, गाडी देशात असो नाहीतर परदेशात. त्यासोबतचा सक्तीचा विमाही तेव्हाच. तो म्युनिसिपालिटीच्या वेबसाईटवर भरता येतो, पण आधी नवीन विमा, मग परमिट. भारतीय कार्ड चालेना, मग घरमालकीणबाईंनी भरलं आणि आम्ही त्यांना पैसे पाठवले. जानेवारी-फेब्रुवारीत चिलेत गाडी घेणाऱ्यांनी हे निघायच्या आधीच उरकावं, फेब्रुवारीपासून भरता येतं.

साल्ताहून वर हुमाहुआकाकडे गेलो आणि तिथे मुद्दाम थांबलो. २०२४ ला २८ मार्च ते २ एप्रिल अशी अर्जेंटिनात सलग सुट्टी होती, गुरुवार-गुड फ्रायडे, शनिवार-रविवार, सोमवारी मधली जोडसुट्टी आणि मंगळवारी मालविनास (फॉकलंड) दिन. अशा वेळी बॉर्डरवर जाणं म्हणजे गणपतीच्या आदल्या दिवशी कोकणात निघणं. ३ एप्रिलला सकाळी ला किआका गाठलं.

ला किआका आणि पलीकडचं व्हिल्यासोन, मध्ये एक पूल. साधारण ३४०० मीटर उंची, नुसतं हेल्मेट काढलं तरी दम लागतो. आणि घड्याळ एक तास मागे. अर्जेंटिनाच्या आदुआनात आधीचा कागद जमा केला, सिस्टीममध्ये गाडी बाहेर पडल्याची नोंद झाली, ती डोळ्यांनी बघितल्याशिवाय हलू नका. नोंद राहिली तर त्या देशाच्या लेखी गाडी आतच आहे, आणि पुढच्या वेळी तुम्ही गेलात की जुनी मुदत संपल्याचा दंड.

बोलिव्हियाच्या आदुआनाचा सिव्हेतुर नावाचा ऑनलाइन फॉर्म आहे, तो आदल्या रात्री भरून प्रिंट घेऊन गेलो. सोबत पासपोर्ट, एन्ट्रीचा शिक्का, लायसन्स, पाद्रोन या सगळ्यांच्या झेरॉक्स. एन्ट्रीच्या शिक्क्याची झेरॉक्स आधी कशी असणार, ती शिक्का बसल्यावरच काढायची, म्हणून इमिग्रेशन झालं की समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात पळायचं आणि परत. सुटे बोलिव्हियानो हवेत. साहेब बाहेर येऊन चॅसी नंबर स्वतः बघून गेले, हिमालयनचा चॅसी नंबर हँडलपाशी असतो, तिथला चिखल आधीच पुसून ठेवला होता.

इथे माणसांना ३० दिवस मिळाले आणि गाडीलाही ३०. मुदत ९० पर्यंत वाढते, पण आधी इमिग्रेशनमध्ये स्वतःची वाढवायची आणि मग तो शिक्का घेऊन आदुआनात गाडीची, आणि हे सगळं मुदत संपायच्या आत. आम्ही ठरवलं की वाढवायच्या नादाला लागायचं नाही, महिन्यात आटपायचं.

आता चुकीच्या नंबरचा किस्सा. कुठल्या सीमेवर ते सांगत नाही, माणूस बिचारा चांगला होता. चिलेच्या पाद्रोनवर गाडीच्या नंबरापुढे एक छोटी रेघ आणि मग एक आकडा किंवा के हे अक्षर असतं. तो तपासणीचा अंक असतो, प्लेटवर नसतो. टाईप करणाऱ्यानं तो नंबरातच घातला. म्हणजे कागदावर जी गाडी आत आली ती जगात अस्तित्वातच नाही. मी खिडकीसमोरच उभी राहून एकेक अक्षर बोट ठेवून वाचत होते, मागची रांग चुळबुळ करत होती, नवरा म्हणत होता चल ना आता. सापडल्यावर दहा मिनिटांत दुरुस्त होऊन नवीन प्रिंट मिळाली. तेच जर बाहेर पडताना कळलं असतं तर? तेव्हा नंबर, चॅसी, इंजिन, पासपोर्ट नंबर आणि शेवटची तारीख, एवढ्या पाच गोष्टी खिडकी सोडायच्या आधी. रांगेची लाज बाळगू नका.

एप्रिल: बोलिव्हिया, पेट्रोल आणि कोपाकाबाना

बोलिव्हियात कागदांपेक्षा पेट्रोलनं जास्त डोकं खाल्लं. स्थानिकांना तेव्हा सबसिडीचं पेट्रोल ३.७४ बोलिव्हियानो लिटर होतं, परदेशी प्लेटला दुपटीहून जास्त, आणि त्याची वेगळी नोंद करावी लागायची म्हणून काही पंपवाले नाहीच म्हणायचे. नम्रपणे दुसऱ्या पंपावर जायचं. टाकी अर्धी झाली की भरायची हा नियम केला, उयुनीच्या आधी तर पाच लिटरचा कॅनही घेतला.

उयुनी, पोतोसी, ला पास असं करत एप्रिलअखेर तितिकाका सरोवर. तिकिनाच्या सामुद्रधुनीवर गाड्या लाकडी तराफ्यावर चढवतात, तराफा लाटेवर हलतो आणि बाईक स्टँडवर उभी राहत नाही, ती धरून बसायचं. फळ्यांमधून पाणी दिसतं. माझी या प्रवासातली सगळ्यात जास्त फाटलेली वेळ ही, कुठलाही कस्टम ऑफिसर नाही.

कोपाकाबानाहून काही किलोमीटरवर कासानी. छोटीशी चौकी, गर्दी कमी, म्हणून आम्ही देसागुआदेरोची दुसरी बॉर्डर सोडून हिच्याकडे आलो. १ मेची सुट्टी नको म्हणून २९ एप्रिललाच ओलांडलं, गाडीच्या मुदतीचेही काही दिवस शिल्लक ठेवून. बोलिव्हियाचा कागद जमा, शिक्के, मग कमानीखालून ढकलत पेरूत. घड्याळ आणखी एक तास मागे.

पेरूत कस्टम्सचं काम सुनातकडे असतं. तिथला कागद म्हणजे सेर्तिफिकादो दे इन्तेर्नासिओन तेम्पोराल. पेरू या बाबतीत कडक आहे हे सगळीकडे वाचलं होतं आणि खिडकीवरच्या बाईंनीही बोट तारखेवर ठेवून दोनदा सांगितलं, की या तारखेनंतर गाडी देशात सापडली तर ती जप्त, दंड भरून सुटका वगैरे काही नाही. त्यामुळे शेवटच्या दिवसाच्या भरवशावर राहू नका, डोंगरात दरड पडते, संप होतात, क्लच प्लेट जाते. पेरूत सोआत नावाचा अपघात विमा सक्तीचा आहे, परदेशी गाडीचा एक महिन्याचा सगळीकडे मिळत नाही, त्यामुळे बॉर्डरच्या गावातच तो मिळाल्याशिवाय पुढे जायचं नाही असं ठरवलं होतं. अर्धा दिवस त्यात गेला. पुढे पुनो ते कुस्कोच्या रस्त्यावर पोलिसांनी थांबवून पहिली गोष्ट मागितली ती सोआत आणि दुसरी गाडीचा तो कागद. मूळ प्रत टँकबॅगमध्ये प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, झेरॉक्स वर, फोटो दोघांच्या फोनमध्ये. पोलिसांना आधी झेरॉक्स द्यायची, मूळ फक्त मागितली तर.

मेअखेर: ताक्ना ते आरिका

कुस्को, आरेकिपा करून ताक्नाला आलो. इथून आरिका पन्नासेक किलोमीटर, पेरूची चौकी सांता रोसा आणि चिलेची चाकायुता. या बॉर्डरची एक खासियत म्हणजे रेलासिओन दे पासाहेरोस, प्रवाशांची यादी. बाईकवर दोघंच असलात तरी लागते. छापील फॉर्म, अनेक प्रती, त्यावर गाडीचा नंबर आणि दोघांची नावं, पासपोर्ट, आणि प्रत्येक खिडकी त्यातली एक प्रत शिक्का मारून ठेवून घेते. आम्ही तो ताक्नातच घेऊन रात्री भरून ठेवला, चौकीवर गेल्यावर शोधत बसणारे लोक दिसत होते.

सुनातचा कागद परत दिला, त्या बाईंनी सिस्टीममध्ये बंद केला आणि स्क्रीन फिरवून दाखवली. मी मागितलं नव्हतं.

चिलेची गाडी चिलेत परत, म्हणजे नवा आयातीचा कागद नको, पण बाहेर पडल्याची जी नोंद ओर्कोनेसला झाली होती ती इथे मिटवावी लागते, त्यासाठी तो फेब्रुवारीतला कागद तोपर्यंत जपून ठेवलेला हवा. मग उरतं ते सागचं काउंटर, म्हणजे शेतीखातं. आपल्यासाठी हेच खरं. फळं, भाज्या, मध, बिया काहीही असेल तर फॉर्मवर हो म्हणून लिहायचं. हो लिहिलं आणि सापडलं तर वस्तू जाते, नाही लिहिलं आणि सापडलं तर दंड. आम्ही हो लिहिलं. इन्स्पेक्टरनं डबे एकेक उघडले, गोडा मसाल्याचा वास घेऊन शिंकला आणि तो परत दिला कारण भाजून दळलेला, मेथी आणि मोहरी मात्र काढून घेतली, अख्ख्या बिया. अख्ख्या प्रवासात जप्त झाली ती एवढीच.

बाईक जूनमध्ये सान्तियागोला २२ लाख पेसोला विकली. घेणाऱ्या पोरानं आनोतासिओनेसचा दाखला, दंडांचा दाखला, नवं परमिट सगळं नीट तपासलं आणि मग विचारलं की हे मागचे दोन लोखंडी बॉक्स पण यातच ना. हो म्हटलं, यातच.